पाठीवरची पेनाची फुली

पत्र:

नमस्कार डॉक्टर मॅडम,

मी कांजूरमार्गला राहते, माहेर काळाचौकीचं. धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे, घरोघरी पार्सलं पोचवायचं काम करतो. तीन आठवडे त्याला रोज संध्याकाळी ताप येतोय. उजव्या कुशीत श्वास घेताना चमक मारायची, कोरडा खोकला होता. आता चमक कमी आहे, पण चाळीचे तीन जिने चढताना मध्येच पायरीवर बसतो. एक्स-रेमध्ये उजवी बाजू निम्म्यापर्यंत पांढरी आली. महापालिकेच्या रुग्णालयात दाखवलं. छातीत पाणी झालंय, सुईनं काढावं लागेल म्हणाले. शुक्रवारी सोनोग्राफी झाली, तिथे पाठीवर पेनानं फुली मारून दिली आणि सोमवारी वॉर्डात येऊन टॅपिंग करून घ्या असं सांगितलं.

आई तयार नाही. 1996 साली आमच्या मामांचं असंच पाणी काढलं होतं, तालुक्याच्या दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी दम लागून मामा गेले. सुई फुप्फुसात घुसली असं आई आजही म्हणते. चेंबूरची काकू म्हणते गोळ्यांनी पाणी सुकतं, सुई कशाला? शेजारच्या काकांनी पाणी कमी प्यायला सांगितलंय, त्यामुळे भाऊ दिवसाला जेमतेम दोन पेले पितो. आणि फुली पुसेल म्हणून आईनं शुक्रवारपासून त्याला आंघोळही करू दिलेली नाही. सोमवारी त्याला न्यावं की नको?

एक बहीण, कांजूरमार्ग

उत्तर:

न्या. सोमवारी भावाला न्याच. पण वॉर्डात गेल्यावर डॉक्टरांना एक गोष्ट विचारा: सुई घालण्याच्या आधी, तो टेबलावर वाकून बसलेला असतानाच, पुन्हा सोनोग्राफी लावून जागा बघणार ना? पुढचं सगळं विसरलात तरी चालेल, एवढं मात्र विचारायला विसरू नका.

तुमचं पत्र शनिवारी रात्री मिळालं. सोमवार तोंडावर होता, म्हणून हे उत्तर आधी तुम्हाला पाठवलं आणि मग सदरात दिलं. मुंबईत आजही अनेक घरांत हीच घालमेल चालू असते हे मला ठाऊक आहे. तीस-पस्तीस वर्षं छातीविकारांचीच ओपीडी केली, आणि 'सुई नको' म्हणणारी आई जवळजवळ दर आठवड्याला समोर बसलेली असायची.

आधी पाणी कुठे आहे ते समजून घ्या. आपण 'फुप्फुसात पाणी झालं' म्हणतो, पण ते फुप्फुसाच्या आत नसतं, बाहेर असतं. फुप्फुसाला एक पातळ आवरण असतं आणि बरगड्यांच्या आतल्या अंगाला दुसरं. धडधाकट माणसातही या दोन आवरणांच्या मध्ये दोन-तीन चमचे ओल असते. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर सरकतात ना, तसं त्या ओलीमुळे श्वासागणिक फुप्फुस सरकतं. आवरणांना सूज आली की ती घासतात आणि चमक मारते. मग पाणी साचतं, दोन्ही आवरणं एकमेकांपासून दूर होतात आणि चमक कमी होते. तुमच्या भावाचं हेच झालंय. चमक कमी झाली म्हणून आजार उतरतोय असं घरात कुणी समजू नये. दम वाढलाय, तोच खरा हिशेब.

उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत छातीचा खालचा कोपरा बोथट दिसायलासुद्धा साधारण 200 मिलिलिटर पाणी साचावं लागतं. भावाची बाजू निम्म्यापर्यंत पांढरी आहे, म्हणजे लिटरभर तरी पाणी असावं. तेवढ्या पाण्याखाली दबलेलं फुप्फुस फुलणार कसं? जिन्यात बसावं लागतं ते त्यामुळे.

तुमच्या काकूंचं म्हणणं अर्धं खरं आहे. क्षयाचं पाणी असेल तर ते बहुतेक वेळा गोळ्यांनीच सुकतं, सगळं उपसून काढावं लागत नाही. पण गोळ्या कसल्या द्यायच्या हे ठरवायचं कशावरून? छातीत पाणी होण्याची कारणं पुष्कळ आहेत. क्षय आहे, न्यूमोनिया आहे, हृदय कमी पडणं आहे, यकृत आणि मूत्रपिंडाचे आजार आहेत, कर्करोगही आहे. एक्स-रेत सगळ्यांचं पाणी सारखंच पांढरं दिसतं. न्यूमोनियाच्या मागून पू झालेला असला तर तो नळी टाकून काढावाच लागतो, गोळ्या घेत बसलं तर तो घट्ट होत जातो आणि पुढे ऑपरेशनची पाळी येते. म्हणून आधी पाणी काढून तपासायचं, मग औषध. तपासणीपुरतं पाहिजे असेल तर 50 मिलिलिटर पुरतं. त्याला दम लागतोय, म्हणून त्याचं थोडं जास्त काढतील.

आता आईंच्या भीतीकडे येते, कारण ती भीती पोकळ नाही.

प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला लागून एक धमनी, एक शीर आणि एक मज्जातंतू धावतात. म्हणून सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून आत न्यायची, हा टॅपिंगचा पहिला धडा. पाठीच्या कण्याच्या फार जवळही जायचं नाही, कारण तिथे धमनी बरगडीच्या आडोशाला नसते, दोन बरगड्यांच्या मधल्या जागेतून जाते. उजवीकडे पाण्याच्या खाली श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, आणि त्याच्या खाली यकृत. वर फुप्फुस. म्हणजे सुईला मोकळी जागा असते ती या सगळ्यांच्या मधली, आणि ती माणसागणिक वेगळी.

पूर्वी ही जागा आम्ही बोटांनी शोधायचो. माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, तसं पाठीवर एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटानं वाजवत खाली यायचं. हवा असेल तिथे पोकळ आवाज येतो, पाणी सुरू झालं की दगडावर वाजवल्यासारखा भद्द. ही पद्धत 1761 साली व्हिएन्नातल्या आउएनब्रुगर नावाच्या डॉक्टरनं लिहून ठेवली. त्याच्या वडिलांची खाणावळ होती, पिंपात दारू कुठवर उरलीय ते ठोकून बघायची रीत त्यानं लहानपणी पाहिली होती असं सांगतात. पद्धत चांगलीच आहे, अजूनही शिकवतात. पण भद्द आवाज पाण्याचाही येतो, घट्ट झालेल्या फुप्फुसाचाही येतो, आणि वर चढून बसलेल्या यकृताचाही येतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 1989 साली मी रेसिडेंट होते. चाळिशीतले एक गिरणी कामगार आले होते, गिरणी बंद झाल्यावर मिळेल ते काम करणारे. मी त्यांची पाठ दोनदा वाजवून पाहिली, जागा ठरवली, बरगडीच्या वरच्या कडेनं सुई घातली. सिरिंजमध्ये पाणी आलं नाही, बुडबुडे आले. दहा मिनिटांत त्यांचा चेहरा घामानं भिजला. सुईनं फुप्फुसाला छिद्र पडलं होतं आणि छातीत हवा भरत होती. सिनियर धावत आले, नळी टाकली, पाचव्या दिवशी फुप्फुस पूर्ण फुललं आणि ते आपल्या पायांनी घरी गेले. जाताना त्यांनी मला हात जोडले. त्या नमस्काराचं ओझं मी अजून वागवते आहे. माझ्या हातून नियम मोडला नव्हता. मला आतलं दिसत नव्हतं, एवढंच.

सोनोग्राफीनं ते दिसायला लागलं. यंत्रातून आवाजाच्या लहरी आत जातात आणि परत येतात. पाण्यातून त्या सहज पार होतात, म्हणून पडद्यावर पाणी काळं दिसतं. त्या काळ्या भागाच्या खाली श्वासपटलाची चकचकीत कमान दिसते, तिच्याखाली यकृत, आणि वर श्वासाबरोबर पुढे-मागे हलणारा फुप्फुसाचा पदर. कातडीपासून पाणी किती सेंटिमीटरवर सुरू होतं आणि किती खोल आहे, हे मोजता येतं. पाण्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे पडदे पडलेत का, तेही कळतं. असे पडदे सीटी स्कॅनपेक्षाही सोनोग्राफीत चांगले दिसतात. जाळी दाट असेल तर सुईनं थोडंच पाणी येणार हे आधीच समजतं आणि डॉक्टर वेगळा विचार करू शकतात. शिवाय क्ष-किरण नाहीत, त्यामुळे हवं तितक्या वेळा लावून बघायला हरकत नाही.

याचा फरक किती पडतो? 2010 साली आधीच्या 24 अभ्यासांची एकत्र मोजदाद प्रसिद्ध झाली. 6605 वेळा पाणी काढल्याच्या नोंदी त्यात होत्या. सगळे मिळून शंभरात साधारण 6 वेळा छातीत हवा झाली होती आणि त्यातल्या जवळपास एक तृतीयांश रुग्णांना नळी टाकावी लागली. सोनोग्राफी वापरली तिथे हे प्रमाण स्पष्टपणे कमी होतं. म्हणून आईंना 'काही होत नाही' असं सांगू नका. त्या मामांना विसरलेल्या नाहीत, त्यांना ते पटणार नाही. धोका असतो, तो थोडा असतो, आणि बघून सुई घातली तर आणखी थोडा होतो, असं सांगा.

आता त्या फुलीबद्दल. तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबले.

सोनोग्राफीच्या खोलीत कुणीतरी नीट बघून फुली मारली, यात चूक काही नाही. पण ती फुली शुक्रवारच्या दुपारची आहे. सोनोग्राफी करताना तो कसा बसला होता? की आडवा होता? हात डोक्यावर होते की मांडीवर? पाणी मोकळं असेल तर बसल्यावर खाली उतरतं, आडवं झाल्यावर पसरतं. हात वर घेतला की पाठीची कातडी बरगड्यांवरून सरकते. स्वतः करून बघा: भावाच्या फुलीवर बोट ठेवा आणि त्याला हात खाली-वर करायला सांगा, फुलीखालची बरगडी बदललेली लागेल. तीन दिवसांत पाणी वाढलेलं असू शकतं, कमी झालेलं असू शकतं, त्यात पडदे पडलेले असू शकतात. आणि ज्यानं पडदा पाहिला तो माणूस एक, सुई घालणारा दुसरा. सुई कुठल्या दिशेनं आणि किती आत, हे फुली सांगत नाही.

ब्रिटनच्या छातीविकार तज्ज्ञांच्या संस्थेनं, ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीनं, 2010 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच लिहिलं: पाणी काढताना सोनोग्राफी वापराच, पण एका ठिकाणी खूण करून दुसरीकडे नंतर सुई घालण्याची पद्धत नको. त्याला अपवाद एकच ठेवला, पाणी खूप असेल तर. तुमच्या भावाचं पाणी पुष्कळ आहे, त्यामुळे फुलीवरूनही सुई पाण्यात जाण्याचीच शक्यता मोठी, हे मी मान्य करते. मशीन त्याच इमारतीत असताना मात्र त्या शक्यतेवर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग वॉर्डात मशीन का नसतं? याचं एक कारण तुम्ही रोज बघता. प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या दारावर 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' अशी पाटी असते. महाराष्ट्रानं गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये कायदा केला, मग 1994 चा केंद्राचा कायदा आला. त्या कायद्यानुसार प्रत्येक मशीनची नोंदणी असावी लागते, ते मनाला येईल तिथे उचलून नेता येत नाही, आणि ते वापरणाऱ्या डॉक्टरचीही नोंद लागते. पोटातल्या मुली वाचवायला हा कायदा झाला आणि तो हवाच. पण त्याच्या कागदपत्रांमुळे छातीच्या वॉर्डांत खाटेजवळ मशीन यायला वेळ लागला, हेही खरं. काही छातीविकार विभागांकडे आता नोंदणी केलेलं स्वतःचं मशीन असतं. नसेल तिथे दुसरा मार्ग आहे: रुग्णाला सोनोग्राफीच्या खोलीत न्यायचं, छातीच्या डॉक्टरांनी तिथे यायचं आणि तिथल्या तिथे पाणी काढायचं. याला 'सोनो-गायडेड टॅपिंग' म्हणतात. हे शब्द लक्षात ठेवा, म्हणजे तुम्हाला काय हवंय ते पटकन समजेल.

विचारायचं कसं, तेही सांगते. वॉर्डातली रेसिडेंट डॉक्टर कदाचित रात्रभर जागलेली असेल, तिच्या हातात आणखी दहा केसपेपर असतील. 'आम्ही वाचलंय' अशी सुरुवात केलीत तर ती दुखावेल. सरळ म्हणा, "डॉक्टर, ही फुली शुक्रवारची आहे, तीन दिवस झाले. सुईच्या आधी एकदा मशीन लावून बघाल का? नाहीतर आम्ही सोनोग्राफीच्या खोलीत येऊन थांबतो, तिथे कराल का? वेळ लागला तरी चालेल." शेवटचं वाक्य मनापासून म्हणा, कारण खरंच वेळ लागेल. आणि 'मशीन बंद आहे, बुधवारी या' असं उत्तर आलं तर? भावाला बसल्या जागी दम लागत नसेल, बोलताना वाक्य तुटत नसेल, तर दोन दिवस थांबायला हरकत नाही. बसल्या जागी दम असेल तर थांबायचं नाही, वॉर्डातच सांगायचं. रविवारी घरी तसं झालं तर सोमवारची वाट न बघता तडक कॅज्युअल्टी गाठायची. गाडी मिळाली नाही तर 108 ला फोन करा.

सोमवारी सकाळी त्याला थोडं खाऊन जाऊ द्या, उपाशी राहायला सांगितलं असेल तरच उपाशी. कुठलंही औषध चालू असेल, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी, तर चिठ्ठीवर लिहून न्या. अशी गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तसंच. दातासाठी किंवा टाके घालताना दिलेल्या सुन्न करायच्या इंजेक्शननं पूर्वी कधी त्रास झाला असेल तर तेही सांगा. संमतीपत्रावर सही करण्याआधी ते मराठीत वाचून दाखवायला सांगा, तो त्याचा हक्क आहे.

त्याला स्टुलावर किंवा खाटेच्या कडेला बसवतील, समोरच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर दोन्ही हात आणि डोकं टेकायला सांगतील. पाठ जितकी सैल सोडेल तितक्या बरगड्यांमधल्या फटी रुंद होतात. जागा बघून झाली की पाठ जंतुनाशकानं पुसतात, मग सुन्न करायचं इंजेक्शन देतात. ते चुरचुरतं, आणि आतल्या आवरणापर्यंत गेलं की क्षणभर चांगलंच झोंबतं. त्यानंतर सुई जाते तेव्हा दाब जाणवतो, तीव्र दुखायला नको. दुखलं तर त्यानं बोलून सांगायचं, दचकून हलायचं नाही. खोकला येतोय असं वाटलं तर आधी हात वर करून सांगायचं. या एका गोष्टीची घरी तालीम करून घ्या, मी गंभीरपणे सांगते आहे.

पाणी बहुधा पिवळसर असेल, वरणाच्या निवळीसारखं, थोडं फेसाळ. घाबरू नका. एका बैठकीत साधारण दीड लिटरच्या वर काढत नाहीत. बरेच दिवस दबलेलं फुप्फुस एकदम फुललं तर क्वचित त्याच्यातच पाणी झिरपतं आणि दम वाढतो, म्हणून ही मर्यादा. नातेवाईक मागून म्हणतात, "अजून आहे ना डॉक्टर, काढूनच टाका सगळं." तसं म्हणू नका. पाणी निघत असताना शेवटी शेवटी खोकला येतो, तो फुप्फुस उघडत असल्याचा. पण छाती आवळल्यासारखी वाटली, खोकला थांबेना किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबवायचं असतं.

मग बाटल्या. हा भाग कुणी सांगत नाही, आणि इथेच घोटाळे होतात. बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत पाण्याच्या बाटल्या नातेवाईकांच्या हातात देतात आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांत पोचवायला सांगतात. प्रत्येक बाटलीवर नाव आणि नोंदणी क्रमांक आहे ना, ते डोळ्यांनी बघा. कुठली बाटली कुठल्या मजल्यावर, हे कागदावर लिहून घ्या. चहा प्यायला थांबू नका, बाटल्या पिशवीत ठेवून उन्हात फिरू नका. त्याच दिवशी हातातून रक्तही घेतील. पाणी काढलं, आता रक्त कशाला, म्हणून वाद घालू नका: पाण्यातलं प्रोटीन आणि एलडीएच नावाचं एन्झाइम रक्ताच्या तुलनेत किती, यावरूनच पाणी दाहाचं आहे की हृदय-यकृत-मूत्रपिंडाचं, हे ठरतं. 1972 साली रिचर्ड लाइट आणि सहकाऱ्यांनी हे निकष मांडले, आजही जगभर तेच वापरतात.

मी भावाला तपासलेलं नाही. पण वय 26, तीन आठवड्यांचा संध्याकाळचा ताप, एकाच बाजूला पाणी, आणि गाव मुंबई, म्हणजे क्षयाचा विचार कुठलाही डॉक्टर आधी करणार. पाण्यात एडीए नावाची तपासणी 40 च्या वर आली आणि पेशी मुख्यतः लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, असल्या तर संशय पक्का होतो. सीबीनॅट ही जंतूंची तपासणीही करतील. ती निगेटिव्ह आली म्हणजे क्षय नाही, असं नाही. छातीच्या पाण्यात जंतू फार थोडे असतात, त्यामुळे ते बरेचदा सापडत नाहीत. सापडले तर मोठा फायदा: रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालणार की नाही, हे तिथेच कळतं, आणि औषधांना न जुमानणारा क्षय मुंबईत इतका आहे की हे कळणं मोलाचं. थुंकीही तपासून घ्या, खोकला कोरडा असला तरी. फक्त आवरणाचा क्षय सहसा दुसऱ्याला लागत नाही, पण फुप्फुसातही असेल तर लागू शकतो, आणि ते थुंकीवरून कळतं. ताट-वाटी वेगळी करायची गरज दोन्हींत नाही. आईंना हे आधीच सांगून ठेवा, कारण शेजारी सांगतील ते वेगळंच असेल.

क्षय निघाला तर साध्या प्रकारात सहा महिन्यांचे उपचार, सरकारी औषधं फुकट. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम 500 वरून वाढवली आहे. बँकेचं पासबुक आणि आधार बरोबर न्या, म्हणजे नंतर हेलपाटे नकोत. महिन्याभरात ताप जातो, वजन वाढतं, आणि मुलगा म्हणतो मी बरा झालो. तिथेच गोळ्या सुटतात. तेव्हा मात्र बहीण म्हणून मागे लागा.

पाणी काढल्यावर दोन-एक तास त्याला रुग्णालयातच बसू द्या. छातीत हवा झालीय का, हे पुन्हा सोनोग्राफी लावून पाहता येतं. त्रास होत असेल तर एक्स-रे काढतात. घरी टॅक्सीनं आणा, दुचाकीवर मागे बसवून नको, गर्दीच्या लोकलनं तर नकोच. पार्सलांची बॅग काही दिवस उचलायची नाही. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एकाएकी दम वाढला, छातीत कळ आली, थुंकीतून रक्त आलं, चक्कर आली, तर 'सुईचं दुखत असेल' म्हणून घरी बसवून ठेवू नका. छातीतली हवा कधी कधी काही तासांनी कळते, आणि वेळेवर आलेल्या रुग्णाला नळी टाकून बरं करता येतं.

हे लिहिताना मामा डोळ्यांसमोर आले. 1996 साली तालुक्याच्या गावी छातीची सोनोग्राफी करून सुई घालणं जवळपास नव्हतंच. त्यांच्या डॉक्टरांकडेही माझ्यासारखी बोटंच असणार. ते सुईनं गेले की ज्या आजारानं पाणी झालं त्यानं गेले, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण आईंना त्यांचं म्हणणं पूर्ण बोलू द्या, मध्ये तोडू नका. मग सोमवारी त्यांनाही बरोबर न्या. डॉक्टरांना विचारा, मशीन लावतील तेव्हा आईंना क्षणभर पडदा बघू द्याल का? परवानगी मिळेलच असं नाही. मी माझ्या वेळी देत असे. काळं दिसतंय ते पाणी, हे हलतंय ते फुप्फुस, सुई इथून जाईल आणि इथे थांबेल, असं दाखवलं की बऱ्याच आयांचा हात मुलाच्या दंडावरून सुटत असे.

राहिलं पिण्याचं पाणी. शेजारच्या काकांना नम्रपणे सांगा की पोटात जाणारं पाणी छातीत जाऊन साचत नाही. हृदय किंवा मूत्रपिंड बिघडल्यामुळे पाणी झालं असेल तरच डॉक्टर पिणं मोजून देतात, आणि ते स्वतः तसं सांगतात. ताप असलेल्या मुलाला दोन पेल्यांवर ठेवणं चुकीचं आहे. आजपासून तहान लागेल तितकं पिऊ द्या, ताक द्या, पेज द्या, जोडीला डाळ आणि अंडी. छातीतल्या पाण्यातून बरंच प्रोटीन बाहेर पडलेलं असतं.

आणि आज त्याला कोमट पाण्यानं आंघोळ घाला. तीन आठवड्यांच्या तापात घामानं भिजलेला तो मुलगा, त्याला किती बरं वाटेल. पाठ साबणानं स्वच्छ धुवा. फुली पुसली तर पुसू दे, सोमवारी ती नव्यानं काढायचीच आहे.